साठ भरले, तरी रिन्यूअल अडलं: लोणावळ्याच्या लीडरशिप ट्रेनिंगचे पीडीयू

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीतल्या प्रोग्रॅम मॅनेजरचं हे प्रकरण. शिक्षण मेकॅनिकल, सगळी नोकरी टूलिंग आणि नवीन पार्ट डेव्हलपमेंटमध्ये गेलेली. शॉप फ्लोअरवर त्यांना सगळे ‘मॅडम’ म्हणतात, इथेही तेच चालू द्या. कंपनीचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मॅडमनी पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजरांची सर्टिफिकेट परीक्षा) केलं त्याला पावणेतीन वर्षं होत आली होती. ही परीक्षा एकदा पास झालात की जन्मभराची निश्चिंती, असं नसतं. दर तीन वर्षांनी ६० पीडीयू, म्हणजे व्यवसायात शिकत राहिल्याचे पॉइंट, दाखवावे लागतात. एक तास शिकलात की एक पीडीयू, पाव तासाला पाव. इतर व्यवसायांतही हे आहेच. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएंना तीन वर्षांत १२० सीपीई तास भरावे लागतात, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरांकडून पाच वर्षांत ३० क्रेडिट मागते. पीएमपीचा हिशेब ही परीक्षा घेणारी अमेरिकेतली संस्था, पीएमआय, ठेवते आणि त्यात एक कटकट जास्तीची आहे: नुसती बेरीज चालत नाही, कुठल्या कप्प्यात किती पडले तेही बघितलं जातं. मॅडमचं प्रकरण अडलं ते तिथेच.

पुण्यात आमच्या ओळखीच्या वर्तुळात रिन्यूअलच्या शंका बहुतेक वेळा माझ्याकडे येतात. मॅडमनी स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा मुदत संपायला साडेतीन महिने होते. एकूण ४९. खाली प्रश्न: ‘अकराच कमी आहेत ना? पुढच्या महिन्यात कंपनी आम्हाला लोणावळ्याला दोन दिवस लीडरशिप ट्रेनिंगला नेतेय. तेवढ्यात भागेल ना?’

कंपनीच्या ट्रेनिंगचे पीडीयू मिळतात का, हा त्यातला सोपा भाग. मिळतात. ट्रेनिंग पीएमआयच्या अधिकृत पार्टनरकडूनच झालं पाहिजे असा नियम नाही. अधिकृत संस्थेचा कोर्स असेल तर नोंद करणं सोपं जातं, एवढंच. कंपनीने बाहेरचा ट्रेनर बोलावून घेतलेलं ट्रेनिंगही चालतं. ते तुमच्या तीन वर्षांच्या आत झालेलं असावं, प्रोजेक्ट मॅनेजरच्या कामाशी त्याचा संबंध असावा आणि ते झाल्याचा कागद तुमच्याकडे असावा.

‘भागेल ना’चं उत्तर मात्र स्क्रीनशॉटच्या खालच्या अर्ध्या भागात होतं, आणि तो त्यांनी नीट पाहिलाच नव्हता.

आधी नियम. ६० पैकी किमान ३५ स्वतः शिकून मिळवायचे. ‘गिव्हिंग बॅक’मधून, म्हणजे व्यवसायाला काही परत देऊन, जास्तीत जास्त २५ घेता येतात: व्याख्यान देणं, लेख लिहिणं, पीएमआयच्या चॅप्टरमध्ये (स्थानिक शाखेत) स्वयंसेवक म्हणून काम करणं. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून नोकरी करता याचेही पीडीयू मिळतात, पण त्याला ८ची मर्यादा. शिकण्याच्या भागाला तीन बाजू आहेत, ज्याला पीएमआय टॅलेंट ट्रँगल म्हणते: वेज ऑफ वर्किंग म्हणजे कामाच्या पद्धती, पॉवर स्किल्स म्हणजे माणसं सांभाळण्याची कौशल्यं आणि बिझनेस ॲक्युमेन म्हणजे धंद्याची जाण. तिन्हींत प्रत्येकी किमान ८ हवेतच. हा त्रिकोण २०१५च्या अखेरीस रिन्यूअलला लागू झाला. तेव्हा दुसऱ्या बाजूवर सरळ ‘लीडरशिप’ लिहिलेलं होतं, २०२२मध्ये नावं बदलली. जुने व्हिडिओ बघून हिशेब मांडणारे इथे हमखास गोंधळतात.

मॅडमचे ४९ असे पडले होते. वेज ऑफ वर्किंग ३७.५, त्यातले २४ एका अजाइल कोर्सचे आणि बाकीचे शेड्युलिंग, रिस्क असल्या वेबिनारचे. बिझनेस ॲक्युमेन ३. नोकरीचे ८. आणि पॉवर स्किल्स अर्धा. अर्धा! कोथरूडहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये कधीतरी अर्ध्या तासाचा एक वेबिनार ऐकलेला, तेवढाच.

म्हणजे बेरजेत ११ कमी, पण कप्प्यांच्या हिशेबाने पॉवर स्किल्समध्ये ७.५ आणि बिझनेस ॲक्युमेनमध्ये ५ कमी, मिळून साडेबारा. अकरा मिळाले तरी दीड कमीच पडणार होते.

हे चित्र एकट्या मॅडमचं नाही. मी पाहिलेल्या बहुतेक इंजिनिअर मंडळींचा पहिला कप्पा ओसंडून वाहत असतो आणि दुसरा कोरडा असतो. कारण उघड आहे. गँट चार्ट, बर्नडाउन, रिस्क रजिस्टर यांचा कोर्स केला की काहीतरी शिकल्यासारखं वाटतं. माणसांशी बोलायचा कोर्स म्हटलं की ‘पंधरा वर्षं तेच तर करतोय’. मॅडमही तेच म्हणाल्या. मी त्यांना एवढंच सुचवलं, की ज्या परीक्षेचं सर्टिफिकेट टिकवायची धडपड चाललीय त्या परीक्षेतच २०२१च्या बदलाने ४२ टक्के भाग ‘पीपल’चा झाला होता. त्या २०२१नंतरच बसल्या होत्या, त्यांना ते माहीत होतं. पास होण्यापुरतं.

दुसरा एक गैरसमज त्यांच्या बोलण्यात आला, तोही इथेच नोंदवतो, कारण तो फार पसरलेला आहे. ‘मी दोन ज्युनिअर्सना वर्षभर तयार केलं, ते लीडरशिपमध्ये नाही का धरत?’ धरतात, पण गिव्हिंग बॅकमध्ये. शिकवल्याचे पीडीयू शिकण्याच्या कप्प्यात जात नाहीत. दुसऱ्याला कितीही घडवलंत तरी पॉवर स्किल्समधले तुमचे स्वतःचे आठ तास तसेच शिल्लक राहतात. मला हा नियम थोडा कोरडा वाटतो, पण त्यामागचा विचार पटतो.

लोणावळ्याहून परत आल्यावर मॅडमच्या हातात एक देखणं सर्टिफिकेट होतं. जाड कागद, सोनेरी किनार, ट्रेनरची सही आणि ‘दोन दिवसांचा नेतृत्व विकास कार्यक्रम, १६ तास’. एचआरने सरळ आठ दुणे सोळा केले होते. बरोबर गेलेल्या एका सहकाऱ्याने तोवर स्वतःचे १६ भरूनही टाकले होते, आणि त्याने मॅडमना सल्ला दिला: ‘अहो, सोळा घ्या आणि मोकळ्या व्हा. अकरा पॉवरला टाका, पाच बिझनेसला. कोण विचारतंय?’

अकरा आणि पाच. बिझनेसचा पाचाचा खड्डा अगदी बेतून भरला असता. असा आकडा नेमका जुळला की मला शंका येते. मी कार्यक्रमपत्रिका मागवली. ट्रेनरने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ होती, ती आम्ही दोघांनी फोनवर ओळ ओळ वाचली.

पहिला दिवस. साडेनऊला एचआर हेडचं स्वागताचं भाषण, पंधरा मिनिटं: सोडून द्या. पावणेदहा ते सव्वाअकरा, माणूस आणि प्रसंग पाहून नेतृत्वाची पद्धत कशी बदलायची, दीड तास. चहा. साडेअकरा ते एक, ऐकणं आणि फीडबॅक देणं, रोल-प्लेसह, दीड तास. जेवण. दोन ते साडेतीन, दोन खात्यांमधला वाद सोडवणं, दीड तास. पुन्हा चहा. पावणेचार ते पावणेसहा, रिसॉर्टच्या तलावात प्लॅस्टिकचे ड्रम आणि बांबू बांधून तराफा करायचा आणि पलीकडे जायचं. पावणेसहा ते सव्वासहा त्यावर चर्चा. रात्री शेकोटी, अंताक्षरी.

दुसरा दिवस. सकाळी सूर्यनमस्कार. साडेनऊ ते साडेअकरा, कंपनीच्या फायनान्स हेडचं सत्र: एका पार्टवर प्लँटला किती सुटतं, लाँच एक महिना लांबला तर तो खर्च कुठल्या खात्यात दिसतो, दोन तास. पावणेबारा ते सव्वा, वाटाघाटी, दीड तास. दोन ते साडेतीन, इलेक्ट्रिक गाड्यांमुळे ग्राहक कंपन्यांच्या मागण्या कशा बदलताहेत आणि आपल्याकडचे कुठले पार्ट त्यात टिकतील, दीड तास. पावणेचार ते पाच, प्रत्येकाचा पुढच्या तीन महिन्यांचा कृती आराखडा, सव्वा तास. मग सर्टिफिकेटं आणि ग्रुप फोटो.

वाद झाला तो तराफ्यावरून. मॅडमचं म्हणणं, तेही शिकणंच होतं. ट्रेनरने स्वतः त्याला अनुभवातून शिक्षण म्हटलं होतं. खेळ मोजू नये असं पीएमआयच्या नियमांत कुठे शब्दशः लिहिलेलं मी वाचलेलं नाही, त्यामुळे इथे मत माझं आहे: खेळानंतरची अर्ध्या तासाची चर्चा धरावी, दोन तासांचा तराफा धरू नये. माझी कसोटी साधी असते. उद्या कोणी विचारलं, की या दोन तासांत काय शिकलात, तर चार वाक्यं सांगता येतील का? मॅडम हसल्या. ‘दोन तास खरं तर आमचा स्टोअर्सचा माणूस गाठी मारत होता आणि आम्ही काठावरून सूचना देत होतो.’ झालं, तराफा गेला.

उरले ते असे. पॉवर स्किल्स: दीड, दीड, दीड, अर्धा, दीड आणि सव्वा, एकूण ७.७५. बिझनेस ॲक्युमेन: दोन आणि दीड, एकूण ३.५. दोन्ही मिळून ११.२५. सर्टिफिकेटवरच्या सोळापेक्षा पावणेपाच कमी.

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगतो. ट्रेनिंगचं नाव ‘लीडरशिप’ म्हणून सगळे तास पॉवर स्किल्समध्येच टाकले पाहिजेत असं नाही. एकाच कोर्सचे पीडीयू तिन्ही कप्प्यांत वाटता येतात, फॉर्ममध्ये तशा तीन वेगळ्या जागाच असतात. वाटणी मात्र विषयाप्रमाणे व्हायला हवी. कुठला कप्पा रिकामा आहे हे बघून वाटणी करायची नसते. फायनान्स हेडची दोन तासांची आकडेमोड कुठल्याही मापाने बिझनेस ॲक्युमेनच आहे. वाटाघाटीचं सत्र तिकडे ढकलता आलं असतं का? ओढूनताणून, हो. त्याने बिझनेस ॲक्युमेनचा खड्डा भरला असता, पण पॉवर स्किल्समध्ये नवा पडला असता. त्यांनी स्वतःच नको म्हटलं, कारण त्या सत्रात पैशाचा विषय निघालाच नव्हता. क्वालिटीवाल्यांकडून सही कशी मिळवायची, हाच विषय होता.

मग कागद. पीएमआय काही जणांची निवड करून तपासणी करते. निवड झाली तर नोंदवलेल्या प्रत्येक गोष्टीचा पुरावा द्यावा लागतो, आणि तीन वर्षांची मुदत संपल्यावरही निदान दीड वर्ष ते कागद जपून ठेवायला सांगितलेलं आहे. सोनेरी किनारीच्या सर्टिफिकेटवर १६ आणि मॅडमच्या नोंदीत ११.२५, हा फरक मॅडमच्या बाजूचा असला तरी तो समजावणारा कागद हवा होता. एचआरमधली मुलगी आधी गोंधळली (‘कमी तासांचं पत्र कशाला हवंय तुम्हाला?’), पण तिने लेटरहेडवर पत्र दिलं: कार्यक्रमाचं नाव, तारखा, ठिकाण, ट्रेनरचं नाव, सत्रांची वेळापत्रकासह यादी, आणि दोन्ही दिवस मॅडम पूर्ण वेळ हजर होत्या हे वाक्य. सोबत सकाळ-दुपारच्या हजेरीपटाची प्रत. वेळापत्रक असलेला हा एक कागद सर्टिफिकेटपेक्षा जास्त कामाचा.

फॉर्ममध्ये वर्णनाची जागा असते. तिथे लोक ‘लीडरशिप ट्रेनिंग’ एवढे दोन शब्द टाकून मोकळे होतात. मॅडमनी लिहिलं त्याचा मराठीत मतलब असा: ‘कंपनीने आयोजित केलेला दोन दिवसांचा प्रत्यक्ष कार्यक्रम. नेतृत्वाच्या पद्धती, ऐकणं व फीडबॅक, खात्यांमधले वाद, खेळानंतरची चर्चा, वाटाघाटी, कृती आराखडा: ७.७५ तास. पार्टची नफाक्षमता आणि ग्राहकांच्या बदलत्या मागण्या: ३.५ तास. स्वागत, भोजन, मैदानी खेळ धरलेले नाहीत.’ शेवटचं वाक्य माझ्या आग्रहाखातर आलं. तपासणाऱ्याला ते वाचून बरं वाटतं की नाही, देव जाणे. मला वाटतं.

नोंद मंजूर झाली आणि त्याच संध्याकाळी मॅडमचा फोन. स्क्रीनवर एकूण ६०.२५ दिसत होते, तरी रिन्यूअलचं बटण काही मिळेना. पॉवर स्किल्स ८.२५, पार. बिझनेस ॲक्युमेन ६.५. दीड कमी. कागदावर हे आधीच दिसलं होतं, पण साठचा आकडा ओलांडल्यावर माणूस बाकीचं विसरतो.

दीड तासाचं काय, ते सोपं निघालं. पीएमआयच्याच संकेतस्थळावर तासाभराचे वेबिनार असतात. तिथेच पाहिले तर त्यांची नोंद बहुधा आपोआप होते आणि कुठल्या बाजूला किती हे आधीच दिलेलं असतं. मॅडमनी बिझनेस ॲक्युमेनचे दोन वेबिनार शनिवारी दुपारी पाहिले. ६.५ अधिक २, म्हणजे ८.५. एकूण ६२.२५. वरचे सव्वादोन वाया जात नाहीत. मुदतीच्या शेवटच्या बारा महिन्यांत मिळवलेल्या जास्तीच्या पीडीयूंपैकी २०पर्यंत पुढच्या तीन वर्षांत नेता येतात.

इथपर्यंत हिशेब. ट्रेनिंगचा कामावर काही परिणाम झाला का, हे मी मुद्दाम दोन महिन्यांनी विचारलं, कारण क्रेडिटसाठी केलेल्या ट्रेनिंगबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. बरीचशी हजेरीपुरती असतात.

मॅडमना सगळ्यांत जास्त आठवत होता फीडबॅकच्या सत्रातला रोल-प्ले. ट्रेनरने त्यांना त्यांचीच सोमवारची आढावा बैठक घ्यायला लावली, समोर इतर खात्यांतली चार माणसं. मॅडमनी विचारलं, ‘या आठवड्यात काय अडलंय?’ आणि कोणी तोंड उघडायच्या आत स्वतःच सुरू झाल्या: ‘डायचं काम पूर्ण असेलच, सप्लायरचं मी बघितलंय, बरोबर ना?’ सगळे म्हणाले, बरोबर. ट्रेनरने थांबवून तोच प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला, आणि या वेळी विचारून झाल्यावर गप्प बसायचं. ‘किती वेळ?’ ‘कोणीतरी बोलेपर्यंत.’ मॅडमच्या शब्दांत, ‘जीव गेला माझा.’

चाकणला परत आल्यावर त्यांनी बैठकीत तेच केलं. पहिल्या सोमवारी काहीच घडलं नाही, लोक एकमेकांकडे बघत बसले. दुसऱ्या सोमवारी सप्लायर क्वालिटीतला एक नवीन मुलगा, जो एरवी वहीत डोकं घालून बसायचा, म्हणाला की डायचं (साच्याचं) हीट ट्रीटमेंट झाल्याचा रिपोर्ट सप्लायरकडून आलेला नाही आणि फोन केला तर ते विषय बदलतात. पहिल्या ट्रायलला तेव्हा आठ दिवस होते. पूर्वी हे ट्रायलच्या आदल्या दिवशी कळलं असतं. ट्रायल तरीही लांबलीच, सप्लायरचा फर्नेसच बंद होता. पण ग्राहकाला आठवडाभर आधी कळवता आलं आणि त्यांच्या माणसांनी चाकणची फेरी रद्द केली. ग्राहकाचा माणूस प्लँटवर येऊन रिकाम्या प्रेससमोर उभा राहणं म्हणजे काय, हे या धंद्यातल्यांना सांगायला नको.

वेज ऑफ वर्किंगच्या साडेसदतीस तासांनी हे झालं नसतं. शेड्युल बरोबरच होतं, त्यात आलेली माहिती चुकीची होती, कारण विचारणारी व्यक्ती उत्तरही स्वतःच देत होती. आठची किमान अट ठेवणाऱ्यांना हेच अपेक्षित असावं. ती अट नसती तर मॅडमनी उरलेले अकराही अजाइलमध्येच मिळवले असते, हे त्या स्वतः सांगतात.

पुढच्या वेळेसाठी माझा त्यांना सल्ला एवढाच होता, की तीन वर्षांतलं पहिलं ट्रेनिंग पॉवर स्किल्सचं घ्या, आणि कंपनीच्या ट्रेनिंगची पत्रिका जायच्या आधी मागवा. आधी मिळाली असती तर बिझनेस ॲक्युमेनचा दीड तास कमी पडणार हे लोणावळ्याला जातानाच कळलं असतं. मुदत उलटू द्यायची नाही. उलटली तर सर्टिफिकेट एक वर्ष निलंबित राहतं, त्या काळात नावापुढे पीएमपी लावता येत नाही, आणि त्या वर्षातही पीडीयू भरले नाहीत तर परत परीक्षेला बसावं लागतं. निलंबनाच्या वर्षात अडकलेली माणसं मला भेटली आहेत. त्यांतल्या कोणालाही अभ्यास जमत नव्हता असं नाही, सगळे कामात होते.

मॅडमनी ज्युनिअर्ससाठी जेवणाच्या सुटीत ऐकण्यावर तासाभराचं एक सत्र घेतलं. ते रिन्यूअल झाल्यावरचं, त्यामुळे पुढच्या तीन वर्षांत, गिव्हिंग बॅकमध्ये.

त्याच तुकडीत आणखी दोघांना हे ट्रेनिंग नोंदवायचं होतं. सोळा भरणाऱ्या सहकाऱ्याला मॅडमनी एचआरच्या पत्राची प्रत दिली. त्याने आकडा बदलला की नाही, मला कळलेलं नाही. दुसरा मुलगा पीएमपीची तयारी करत होता आणि ट्रेनिंगनंतर सहा आठवड्यांनी पास झाला. त्याने मोठ्या आशेने विचारलं, की आपले ११.२५ आत्ताच भरून ठेवू का. नाही भरता येत. त्याची तीन वर्षं पास झाल्या दिवसापासून सुरू होतात आणि लोणावळा त्याच्या आधीचं.